ब्रेक काढून कसली आलीय फॅशन?

फिक्स्ड गिअर म्हणजे फ्रीव्हील नसलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणार. पायांना सुट्टी नाही. आमच्या पणजीत आल्तिनोच्या उतारावर ही सायकल म्हणजे गुडघ्यांना शिक्षाच! बडोदं मात्र सपाट. मांडवी ते फतेहगंज एका गिअरवर मजेत होतं. तेव्हा हौस जरूर करा.

पण त्यासाठी हजारो रुपये कशाला? दांडिया बाजारातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात जिन्याखाली आजोबांची ॲटलस सापडेल. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, सांगाडे अजून दणकट आहेत. मागचं चाक खाचेत सरकवलं की चेन ताणली जाते. आणखी काय हवं?

आता मुद्द्याचं. फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करायचं आणि वर ब्रेकही काढून टाकायचे, ही निव्वळ नक्कल. शर्यतीच्या ट्रॅकवर ब्रेक नसतो, कारण तिथे रिक्षा आडवी येत नाही! शिवाय त्या हबवर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. आपल्या साध्या हबवर ती नसते. पेडल मागे दाबलं की जाम केलेलं फ्रीव्हीलच सैल होऊन सुटू शकतं. मग थांबणार कशाने?

म्हणून ब्रेक ठेवा. चेन अर्धा इंच ढिली ठेवा, तेल देत जा. वाचलेल्या पैशांतले चार कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला द्या. सयाजीरावांनी १८९० साली तंत्रशिक्षणासाठी कलाभवन काढलं ते याच शहरात. तिथे फोटोतल्या सायकलीचं कौतुक आणि मिस्त्रीशी दहा रुपयांसाठी घासाघीस... शोभतं का हे?