पाटीवरचे नाव, पाटीमागचे भागीदार

तालुक्यातालुक्यांतून कंपनी काढण्याचे ठराव येत आहेत. आनंद आहे. पण ठराव वाचले तर अर्धा कागद नावावर खर्ची पडलेला. बळीराजा ठेवायचे की काळी आई, की ग्रामदैवताचे नाव द्यायचे, यावर रात्री जागवल्या. भांडवल कोणाचे, बियाणे कोणाचे, माल घेणार कोण, याला एक ओळ. म्हणून जालन्याचा दाखला.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली. तीच महिको. नावात महाराष्ट्र आहे, हायब्रीड आहे. भागीदार मात्र नावात दिसत नाहीत. त्याच साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, तो सरकारी संशोधनातून. त्याची मादी अमेरिकेच्या काफिर ज्वारीची. पुढे १९७० साली कापसाचा एच-४ आला, तोही सुरतेच्या सरकारी केंद्रावरून, डॉ. सी. टी. पटेल यांच्या हातून. म्हणजे संकरित बियाण्याच्या धंद्याचा पाया जनतेच्या पैशाचा.

दुसरा भागीदार बीजोत्पादक शेतकरी. हायब्रीड बी कारखान्यात होत नाही. नर-मादीच्या ओळी पेरायच्या, शेजारच्या पिकापासून अंतर राखायचे, भेसळीचे ताट उपटून टाकायचे. कापसात तर संध्याकाळी कळी सोलून पुंकेसर काढायचे आणि सकाळी पराग लावायचा. एकेका कळीला, हाताने. हे काम बहुतेक मायबहिणींच्या बोटांनी झाले आहे. पाटीवर त्यांचे नाव कोणी लिहिले नाही.

१९९८ साली मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीने नवी कंपनी काढली: महिको मोन्सॅन्टो बायोटेक. इथे भागीदारी नावातच होती. मालाचे नाव बोलगार्ड, म्हणजे बोंडाचा राखणदार. मार्च २००२ मध्ये तीन वाणांना परवानगी मिळाली. पुढे हाच गुणधर्म इतर बियाणे कंपन्यांना परवान्याने दिला गेला. २००६ पर्यंत सोळाशेच्या पुढच्या पाकिटात साडेबाराशेच्या आसपास रक्कम केवळ गुणधर्माची होती. त्या वर्षी आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा पाकीट साडेसातशेवर आले. २०१८ साली बायरने मोन्सॅन्टो विकत घेतली आणि ते जुने नाव मागे पडले.

आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, हे आपण शेतात पाहिले आहे. पण राखणदार हे नाव गुलाबी बोंडअळीने वाचले नाही, हेही २०१७ साली विदर्भाने पाहिले.

आता आपले. उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. दहा उत्पादक एकत्र आले की नोंदणी होते. नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ लावावेच लागते. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. उत्पादक नसलेल्याला सभासद होता येत नाही. दोन ठरावांत भांडवल देणारे व्यापारी दिसतात. ते सभासद होणार नाहीत. कर्ज देणारे म्हणून येतील, खरेदीदार म्हणून येतील, नाहीतर मेव्हण्याच्या सातबाऱ्यावरून आत येतील. कर्जाचा व्याजदर आणि मालावरचा हक्क आधी लिहून घ्या. व्यापाऱ्याशी व्यवहार करण्यात काही वाईट नाही, तोंडी करण्यात आहे.

बियाण्याचे काम धरणाऱ्यांनी २००१ चा पीक वाण संरक्षण कायदा वाचावा. शेतकऱ्याला घरचे बी पेरता येते, देता येते, विकताही येते, संरक्षित वाणाचे असले तरी. फक्त त्या वाणाच्या नावाची छापील पिशवी करून नाही. पिशवीवर नाव आले की प्रश्न बदलला. मग विक्रीचा परवाना लागतो आणि वाण संरक्षित असेल तर मालकाची संमतीही. मालदांडीसारख्या सरळ वाणाचे बी पुढच्या साली धरता येते. हायब्रीडचे धरून चालत नाही. नर-मादी ज्याच्या हाती, त्याच्याकडे दरवर्षी जावे लागते. कृषी विद्यापीठाचे सरळ वाण घ्यायचे की कोणा कंपनीसाठी बीजोत्पादन करायचे, हे आधी ठरवा. आमचा कल पहिल्याकडे आहे.

जिल्हा बैठकीपूर्वी ठराव दुरुस्त करून पाठवावेत. मूळ बी कोणाचे, खरेदीदार कोण, भागीदाराला बाहेर पडायचे तर कोणत्या अटीवर, एवढे त्यात हवे. नावाची जागा कोरी चालेल. शिवाय एक नाव निबंधकाने नाकारले तर हाताशी असावे म्हणून दुसरेही सुचवून ठेवा; बळीराजा बहुधा आधीच कोणीतरी घेतलेले असेल.