समेवर कोणी यायचं?

परवा शनिवारी आतेबहिणीच्या कथकच्या तालमीला गेलो होतो. प्रेक्षक म्हणून नाही, चक्क 'टेक्निकल टीम' म्हणून! तिचा पाऊण तासाचा एकल प्रयोग, मागे पडदा आणि पडद्यावर मी बनवलेला पाऊस. कॅमेरा तिची हालचाल टिपणार, प्रोग्राम ती ओळखणार, हात वर गेले की ढग जमणार. कागदावर एकदम झकास.

पहिल्याच चक्करांना माझं पितळ उघडं पडलं. पाऊस तिच्या मागे मागे येत होता. हिशेब केला. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची. कॅमेरा, प्रोसेसिंग आणि प्रोजेक्टर मिळून उशीर 150 मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. ऑफिसात एवढ्या उशिरासाठी कुणी बगसुद्धा नोंदवणार नाही. इथे सरळ सम हुकते.

मग प्लॅन बी. व्हिडिओ आधीच ठरवून टाकला, आता त्यावर हिनं नाचायचं. पण रंगात आल्यावर बाईसाहेबांनी एक आवर्तन जास्त घेतलं आणि तिहाई समेवर येण्याआधीच माझी वीज कडाडून मोकळी! ती वैतागली, "दादा, मी नाचू की तुझ्या पडद्यामागे धावू?"

प्रश्न खोचक होता, पण सगळा मुद्दा त्यातच आहे. तबलेवाल्या काकांचं बघा. त्यांची नजर तिच्या पायांवर. तिला ऐन वेळी काही सुचलं, की तेही तिच्याबरोबर वळतात. ह्याला संगत म्हणतात. माझा व्हिडिओ संगत करत नव्हता, हुकूम सोडत होता.

म्हणून हे सगळं थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही. माइक आणि स्पॉटलाइटसुद्धा एकेकाळी नवेच होते. आणि अक्रम खानचं 'देश' आहेच की. लंडनमध्ये जन्मलेला, बांगलादेशी आईवडिलांचा, प्रताप पवारांकडे कथक शिकलेला हा नर्तक. 2011 साली त्यानं हा एकल प्रयोग केला, 2012 मध्ये त्याला ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. त्यात पारदर्शक पडद्यावर अॅनिमेशनचं आख्खं जंगल उभं राहतं आणि तो त्यात शिरतो. एकट्या माणसाला जंगल उभं करायला तंत्र हवंच होतं. पण वडील दाखवायचे तेव्हा? त्यानं टक्कल केलेल्या डोक्यावर रंगानं चेहरा काढला आणि मान खाली घातली. बस्स. प्रोजेक्टर हाताशी असताना! मला जंगलापेक्षा तो चेहरा जास्त लक्षात राहिलाय.

माझं मत थोडक्यात असं: तंत्र किती भारी आहे हे विचारूच नका. कोण कुणासाठी थांबतंय, ते बघा. नाचणारी पडद्यासाठी थांबत असेल, तर उपज संपली. मग उरते ती कवायत.

आमच्यापुरतं म्हणाल तर, कॅमेरा आता फक्त संथ अभिनयाच्या भागात. तिथे ढग क्षणभर उशिरा आले तरी उलट खरे वाटतात. द्रुत भागात प्रोग्राम बंद, मी काकांच्या शेजारी मांडी घालून बसतो आणि समेला हातानं बटण दाबतो. तत्काराला पडदा पूर्ण काळा, नुसते घुंगरू. दीड महिन्याचा निम्मा कोड बाद झाला, जीवावर आलं होतं. पण काल पहिल्यांदा वीज बरोबर समेवर पडली. काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि खरं सांगतो, एवढा आनंद मला कुठल्या अप्रेझलला झालेला नाही.

आता मात्रा मोजायला शिकतोय. सोळापर्यंत मोजणं इतकं अवघड असेल, असं वाटलं नव्हतं!