दिवा विझेल, गळतीचे काय?

सांगलीहून न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलाकडे आलेल्या एका गृहस्थांना मुलाच्या मोटारीत बसताच समोर एक पिवळा दिवा दिसला. गाडी सुरळीत चालत होती. मुलाने लहानसे स्कॅनर जोडले, तेव्हा त्यावर ‘पी०४४२’ हा संकेतांक उमटला. इंधनवाफेच्या व्यवस्थेत लहानशी गळती आहे, असा त्याचा अर्थ. राज्याच्या वाहन तपासणीची मुदत पुढील महिनाअखेर संपत होती आणि हा दिवा पेटलेली गाडी तेथे नापास होते.

“अण्णा, संकेतांक पुसून टाकतो. दिवा विझला की झाले.”

“दिवा विझेल रे, पण गळतीचे काय?”

अण्णांची शंका रास्त होती. पेट्रोलची वाफ उभ्या गाडीतही होत असते. तीत बेंझिनसारखे अपायकारक घटक असतात आणि उन्हात तिच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होण्यास हातभार लागतो. म्हणून ही वाफ सक्रिय कोळशाच्या डब्यात साठवून, इंजिन चालू असताना त्यातच जाळली जाते. कॅलिफोर्नियाने १९७० च्या मोटारींपासून आणि संपूर्ण अमेरिकेने १९७१ पासून वाफेवरील असे नियंत्रण सक्तीचे केले. गाडीतील संगणक ही व्यवस्था अधूनमधून बंदिस्त करून आतील दाब टिकतो की नाही ते पाहतो. सुमारे १ मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही त्याच्या लक्षात येते.

शिवाय संकेतांक पुसला की संगणकाच्या स्वयंतपासणीच्या नोंदीही कोऱ्या होतात. तपासणी केंद्रावरील यंत्राला ते कळते आणि बऱ्याच नोंदी कोऱ्या असतील तर गाडी उत्तीर्ण होत नाही. हे समजल्यावर मुलाने पुसण्याचा विचार सोडला.

शोधाची सुरुवात सर्वांत स्वस्त भागापासून करावी. टाकीच्या झाकणाच्या रबरी कडीला बारीक तडे गेले होते. नवे झाकण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत घट्ट बसविले. दिवा लगेच विझत नाही. टाकी फार भरलेली वा फार रिकामी नसताना आणि गाडी काही तास उभी राहिल्यानंतरच संगणक पुन्हा तपासणी करतो. आठवडा उलटला, तरी दिवा तसाच होता.

मग गॅरेजमध्ये धूर-चाचणी झाली. कारागिराने अत्यंत कमी दाबाने दाट पांढरा धूर नळ्यांत सोडला आणि विजेरीच्या प्रकाशात गाडीखाली पाहणी केली. कोळशाच्या डब्याजवळील रबरी नळीच्या वळणावरून धुराची बारीक रेघ निघत होती. तेथे केसासारखी चीर होती. ती नळी बदलून चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा धूर कोठूनही बाहेर आला नाही. हा प्रयोग घरी हवा भरण्याच्या पंपाने करू नये. जादा दाबाने भाग फुटतात आणि पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते.

कारागिराने संकेतांक पुसला नाही. लागोपाठच्या फेऱ्यांत संगणकाला दोष आढळला नाही, तेव्हा दिवा आपोआप विझला. गाडी मुदतीत उत्तीर्ण झाली.

भारतातील पेट्रोल गाड्यांतही असा कोळशाचा डबा असतो. पंपावरील नळी आपोआप बंद झाल्यावर केवळ रकमेचा आकडा पुरा करण्यासाठी आणखी पेट्रोल भरून घेण्याची सवय अनेकांना असते. अशाने द्रवरूप पेट्रोल त्या डब्यात शिरून आतील कोळसा निकामी होऊ शकतो. ही सवय सोडावी आणि झाकण दर वेळी नीट घट्ट करावे. एवढे करण्यास खर्च काहीच येत नाही.