दादरच्या मुक्कामाची शिदोरी

डिसेंबर जवळ आला की वस्तीत गाडीच्या वर्गणीची बोलणी सुरू होतात. कोणी रेल्वेने निघतो, कोणी एसटीने, कोणी चार घरे मिळून टेम्पो ठरवतो. पांढरी साडी, पांढरा सदरा धुऊन ठेवला जातो. शिवाजी पार्कावर पुस्तके घ्यायची म्हणून पैसे बाजूला काढले जातात. जेवणाचे मात्र कोणी ठरवीत नाही. "तिथं मिळतंय की," एवढ्यावर तो विषय संपतो.

हल्ली पैसेवाले लोक हौसेने तंबूत राहायला जातात, त्याला कॅम्पिंग म्हणतात. आपली कुटुंबे लेकराबाळांसह, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह दोन-तीन रात्री मंडपात किंवा उघड्यावर काढत आली आहेत. 6 डिसेंबरला दादर, 14 ऑक्टोबरला आणि अशोक विजयादशमीला नागपूर, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 20 मार्चला महाड. मुक्कामाची एवढी सवय असलेल्या समाजाने मुक्कामाच्या अन्नाचा विचार करू नये, हे मला पटत नाही. परतल्यावर घरोघरी जुलाब, उलट्या, ताप निघतो आणि आपण म्हणतो, "प्रवास बाधला." पुष्कळदा बाधलेले असते ते अन्न, नाहीतर पाणी. त्यापायी दोन-चार दिवसांची मजुरी बुडते, ती वेगळीच.

शिळ्या भाताची गोष्ट प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी आहे. तांदळात एक जंतू असतो, त्याची बीजे भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती बीजे जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास येत नाही, चवही बदलत नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. म्हणून शिजवलेला भात, पुलाव, खिचडी दोन तासांच्या आत संपवावी. रात्री निघताना डब्यात भरलेला भात सकाळी दादरला खाऊ नये, लेकरांना तर देऊच नये. गरम पुरी आणि बटाट्याची भाजी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेतात, तिचीही तीच गत. आत वाफ धरते आणि दुपारपर्यंत भाजी आंबते.

मग न्यायचे काय? आपल्या आज्या-पणज्या न्यायच्या तेच. ज्वारीची भाकरी चांगली खरपूस भाजून, पूर्ण गार करून, सुती फडक्यात बांधली तर दुसऱ्या दिवशीही चालते. सोलापूरकडची कडक भाकरी तर आठवडाभर काही होत नाही. सोबत शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी. ठेचा न्यायचा तर पाणी न घालता तेलात परतून न्यावा, ओल्या नारळाची चटणी नको. कांदा आणि लिंबू कापून नेऊ नये, अख्खे न्यावे. वाळवून, भाजून, कोरडे करून टिकवायचे शास्त्र आपल्या समाजाला गरिबीने शिकवले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या घरांचे हे खाणे लिहून ठेवले आहे. ज्या खाण्याची शहरात गेल्यावर आपल्या पोरांना लाज वाटते, तेच खाणे मुक्कामाला सगळ्यात भरवशाचे आहे.

विस्तव न पेटवता होणारे खाणेही पुष्कळ आहे. पातळ पोहे घरी कोरडेच भाजून न्यावेत. तिथे त्यात कांदा, शेंगदाणे, तिखट-मीठ आणि तेल घालून लिंबू पिळले की पाच माणसांचा नाश्ता दहा मिनिटांत होतो. फुटाणे आणि शेंगदाणे समान घेऊन सोबत गुळाचा खडा ठेवला तर लेकरांना फरसाणाच्या पुड्या लागत नाहीत. फरसाण, पापड, लोणच्यात मीठ एवढे असते की रक्तदाबाच्या माणसाने प्रवासात त्याला हातच लावू नये. केळी तिथे विकत मिळतात, न्यायची गरज नाही. उकडलेली अंडी न्यायची तर सालासकट न्यावीत आणि निघाल्यापासून पहिल्याच जेवणात संपवावीत.

शिजवायचे असेल तर जागा पाहून. दादरला मंडपात, गर्दीत, कापडाच्या छताखाली स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नये. रेल्वेत गॅस, रॉकेल नेणे हा कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंच्या डब्याला आग लागून नऊ जण गेले. डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता. महाडला किंवा कोरेगावला टेम्पोने गेलात आणि मोकळी जागा मिळाली, तर गाडीपासून लांब, वाऱ्याचा अंदाज घेऊन चूल मांडा आणि निघताना पाणी ओतून विझवा.

अशा चुलीवर दोनच पदार्थ करावेत, असे माझे मत आहे. पहिली खिचडी. घरूनच दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, हळद, जिरे, हिंग, मीठ एकत्र करून पिशवीत बांधून ठेवा. तांदूळ-डाळ निवडून घ्या म्हणजे तिथे सूप लागणार नाही. मिश्रणाच्या तिप्पट पाणी घालून कुकरमध्ये तीन शिट्ट्या केल्या की मऊ खिचडी तयार. एवढ्यात चार-पाच जणांचे होते. दुसरे पिठले. बेसन घरी कोरडे भाजून त्यात तिखट-मीठ मिसळून न्यावे. फोडणीत कांदा परतून, एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी, गुठळ्या मोडत दहा मिनिटे शिजवले की भाकरीला जोड झाली. दोन्ही लागेल तेवढेच करावे. "संध्याकाळला होईल" म्हणून उरवू नये.

आता ही चूल सांभाळायची कुणी? दरवर्षी दिसते ते असे, की पुरुष रांगेत, सभेत, पुस्तकांच्या दुकानात, आणि बाई पिशव्यांजवळ. तिलाही अभिवादन करायचे असते, तिलाही भाषण ऐकायचे असते. खिचडीची पिशवी घरून बांधून आणली असेल तर ती कुकरला लावायला तिचीच गरज नाही. ज्याला रांगेत सहा तास उभे राहता येते, त्याला तीन शिट्ट्या मोजता येतात.

बाईच्या तब्येतीची आणखी एक गोष्ट, जी संकोचाने बोलली जात नाही. शौचालय लांब असते, घाण असते, रांग असते. म्हणून बायका आणि वयात आलेल्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप. हे दुखणे मुक्कामावरून घरी येते आणि महिनाभर अंगावर काढले जाते. घरातल्या पुरुषाने सोबत जाऊन शौचालयाच्या रांगेत उभे राहावे, त्यात कमीपणा नाही. पाणी कमी पिणे हा त्यावर उपाय नव्हे.

पाण्यासाठी आपल्याला महाडला सत्याग्रह करावा लागला, 1927 साली. आता पाणी आहे, पण ते कोणत्या टाकीतले, कोणत्या हाताने भरलेले, हे कळत नाही. घरून उकळून गार केलेल्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन न्यावा. तो संपला की टँकरच्या पाण्यात क्लोरिनची गोळी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. आशाताईंकडून ओआरएसची चार पाकिटे आधीच मागून ठेवावीत. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचे, अर्धे-अर्धे करायचे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. लेकरू मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर घरगुती उपायात वेळ न घालवता तिथल्या वैद्यकीय कक्षात न्यावे.

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने फार छळले. आज आपल्या दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात कोणाला तरी साखरेची गोळी चालू आहे. "दर्शन झाल्याशिवाय खाणार नाही" असे म्हणणारी म्हातारी माणसे आपल्यात आहेत. गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचून रांगेत उपाशी उभे राहिले तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो आणि भोवळ येऊन पडतो. उपवासाने पुण्य लागते असे धम्मात कुठे सांगितलेले नाही. त्यांच्या खिशात फुटाणे आणि साखरेची पुडी ठेवावी. थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि बरे वाटताच भाकरी खाऊ घालावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, डॉक्टरकडे न्यावे.

शेवटी अन्नदान करणाऱ्या मंडळांशी बोलायचे आहे. ते आपल्याच वस्त्यांतले तरुण असतात, पदरचे पैसे घालतात, रात्रभर जागतात. त्यांच्या भावनेबद्दल वाद नाही. पण पहाटे शिजवून टेम्पोत भरलेला भात दुपारपर्यंत वाटत राहणे थांबवले पाहिजे. शिजवायचेच असेल तर लहान पातेल्यांत, थोडे थोडे, वाटपाच्या जागेजवळ आणि परवानगी घेऊन शिजवावे. ते जमत नसेल तर त्याच पैशात केळी, फुटाणे, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी द्यावी. गावाकडच्या बचतगटाला भाकऱ्यांचे काम दिले तर चार बायांना रोजगारही मिळेल. यंदाच्या बैठकीत जेवणाचा मेनू ठरवताना हा विषय कोणीतरी काढावा. वर्गणी गोळा होण्याआधीच काढावा, कारण एकदा तांदळाची पोती आली की कोणी ऐकत नाही.