कुलूप बँकेचे, गाडगे आजीचे



रिकामे घर दिसले की ते बेवारस आहे, असे धरून चालणारे पुष्कळ लोक असतात. त्यातून ते बँकेने जप्त केलेले असेल तर विचारूच नका. आधी नळ जातात, मग खिडक्या जातात, आणि एक दिवस कुणीतरी आवई उठवतो की आत धन पुरलेले आहे. मग मेटल डिटेक्टर घेऊन रात्री भिंतीवरून उतरणारेही निघतात.

आमच्याकडे हा विषय आला तो एका कुटुंबाच्या अडचणीतून. कर्ज थकले, बँकेने कुलूप लावले, कुटुंब भाड्याच्या खोलीत गेले. तेथे आजीने तोंड उघडले, "माझ्या सासूनं चुलीमागं गाडगं पुरलंय. चांदीचे तोडे हायेत, राणीछाप रुपये हायेत." नातू लगेच डिटेक्टर भाड्याने आणायला निघाला. घर आपले, आजी आपली, गाडगे आपले, मग परवानगी कुणाची घ्यायची, हा त्याचा सवाल. सवाल रास्त आहे. म्हणून उत्तरही नीट समजून घेतले पाहिजे.

बँका घर ताब्यात घेतात ते बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याने. आधी ६० दिवसांची नोटीस येते. पैसे भरले नाहीत तर बँक ताबा घेते. हा ताबा दोन तऱ्हेचा असतो. पहिला सांकेतिक. दारावर नोटीस लागते, दोन वर्तमानपत्रांत छापून येते, पण माणसे घरात राहतात. दुसरा प्रत्यक्ष. त्यात कुलूप आणि सील येते. मात्र लिलाव होऊन विक्रीचा दाखला दुसऱ्याच्या नावे होईपर्यंत मालकी कर्जदाराचीच राहते. ताबा बँकेचा, मालकी आपली, अशी ही मधली अवस्था आहे. या अवस्थेत मालकानेही सील तोडायचे नाही. तोडले तर आपल्याच घराच्या पायी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. नुसता सांकेतिक ताबा असला तरी बँकेला न कळवता जमीन उकरू नये, कारण ते घर तारण आहे.

मग परवानगी कुणाची? कुलूप बँकेचे असेल तोवर बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची. ताब्याच्या नोटिशीखाली त्याचीच सही असते. लिलाव होऊन घर विकले गेले असेल तर नव्या मालकाची, तेथे बँकेची चिठ्ठी चालत नाही. सहकारी पतसंस्थेची जप्ती सहकार कायद्याने झाली असेल तर तिच्या वसुली अधिकाऱ्याची. आणि त्रयस्थ माणसाला तेथे डिटेक्टर फिरवायचा असेल तर ताबा असणाऱ्याची आणि मालकाची, दोघांचीही लेखी संमती हवी. वॉचमनच्या हातावर शंभराची नोट ठेवून मिळालेली परवानगी ही परवानगी नव्हे.

अर्ज साधा असावा. कर्ज खाते क्रमांक, घराचा पत्ता, वस्तू काय आहे, कुठे आहे, कुणी ठेवली, हे लिहावे. उकरण्याचे काम अधिकाऱ्यासमोर आणि दोन पंचांसमोर दिवसा करू, पंचनामा होईल, उकरलेली जमीन स्वखर्चाने पूर्ववत करून देऊ, असे कबूल करावे. सराफाची जुनी पावती किंवा तोडे घातलेला फोटो असेल तर त्याची झेरॉक्स जोडावी. आजीचे म्हणणे लिहून काढून त्यावर तिचा अंगठा घ्यावा. अर्जाची पोच घ्यावी. त्या नातवाने भिंत चढण्याऐवजी असा अर्ज दिला आहे. त्याच अर्जात घरात राहिलेली भांडी, गाद्या, पोरांची दप्तरे यांचीही यादी द्यावी. जी वस्तू तारण दिलेली नाही, ती आपलीच आहे.

हे सगळे लवकर करायचे, कारण वेळ थोडा असतो. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळी बाकी आणि खर्च भरला तर घर सोडवता येते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मुदत तेवढीच आहे. बँकेची कारवाई चुकीची वाटत असेल तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. चार तोळे चांदीने घर सुटत नाही हे आम्हालाही कळते. पण भाऊबंदांकडून जमवलेल्या रकमेत तिची भर पडते.

आता, पुरलेले धन सापडले तर काय? त्यासाठी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन ज्याला सापडेल, त्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवले पाहिजे. दहा रुपयांची ती मर्यादा कायद्यात अजून तशीच आहे. लपवून ठेवले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि वाटाही सरकारजमा होतो. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्कदारांना बोलावतात. धन शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने पुरले असे दिसले, तर वारसाला दिवाणी न्यायालयात हक्क शाबीत करण्याची संधी मिळते. आजीचा अंगठा आणि सराफाची पावती तेथे कामाला येते. धन बेवारस ठरले आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात समझोता नसेल, तर साधारणपणे तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा, अशी वाटणी होते.

यंत्राबद्दलही दोन शब्द. डिटेक्टर सोने ओळखत नाही, धातू ओळखतो. खिळा, पत्रा, बाटलीचे बूच, सगळ्यांवर तो वाजतो. स्लॅबच्या घरात सळ्यांमुळे जागोजागी वाजतो. नाण्याएवढी वस्तू साध्या यंत्राला वीतभर खोलीपर्यंत लागते. पन्नास फुटांखालचे गुप्तधन दाखवतो म्हणून यंत्र विकणारा ठग समजावा. आणि त्याच्यामागून नारळ-लिंबू घेऊन येणाऱ्या बाबाला उंबऱ्याबाहेरच ठेवावे. गुप्तधनाच्या निमित्ताने अघोरी कृत्ये करणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

घर गेल्याचे दुःख मोठे असते. त्या दुःखात पोराच्या नावावर चोरीचा गुन्हा चढू देऊ नका. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा, दोन प्रती करा, आणि पोचेवर बँकेचा शिक्का उमटल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.