लाखाची लेखणी

मुलगा पदवीधर झाला, कन्येला पहिली नोकरी लागली, किंवा घरचे वडील सेवानिवृत्त झाले, म्हणजे त्या प्रसंगीं एखादें उंची फाउंटन पेन भेट द्यावें, असा एक नवा शिष्टाचार आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ होऊं पाहत आहे. हें पेन शेदोनशे रुपयांचें नव्हे. साठ हजारांचें, लाखाचें, क्वचित् त्याहूनही अधिक किंमतीचें. अशा खरेदीच्या आधीं घरोघर विचारविनिमय होतो, आणि नित्य लेखणी हातीं धरणारे म्हणून आमचाही सल्ला विचारला जातो. तो आम्ही येथें उघडपणें देतों: घेऊं नये. फाउंटन पेन अवश्य घ्यावें, चांगलें पाहून घ्यावें. पण लाखाचें घेऊं नये. ज्याला लाख रुपये खर्च करणें शक्य आहे त्याला काटकसरीचा उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, आणि तो आम्ही करीतही नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, लिहिण्याचें साधन म्हणून जे पैसे येथें मोजले जातात, त्यांतल्या बहुतेकांचा लिहिण्याशीं कांहीं एक संबंध नसतो.

पेन लिहितें कसें, हें एकदां नीट पाहावें. निबेच्या मधोमध एक बारीक चीर असते. तिच्याखालीं खांचा पाडलेली जीभ असते. केशाकर्षणानें शाई त्या खांचांतून टोकाकडे ओढली जाते, आणि जितकी शाई बाहेर पडते तितकी हवा त्याच वाटेनें मागें टांकींत शिरते. ही देवघेव बरोबर जुळली कीं पेन अडखळत नाहीं व गळतही नाहीं. सगळी करामत एवढ्यांत आहे. १८८४ सालीं अमेरिकेंत वॉटरमननें पेटंट घेतलें तें याच व्यवस्थेचें. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, पण तत्त्व बदललें नाहीं. आणि तें श्रीमंताच्या खिशांत एक व गरिबाच्या खिशांत दुसरें, असेंही नाहीं.

"पण निब सोन्याची असते!" असें लगेच ऐकविण्यांत येतें. असते खरी, आणि त्याला एके काळीं सबळ कारण होतें. मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली जुनी शाई आम्ल असे. पोलादाची निब ती थोड्याच दिवसांत खाऊन टाकी. सोनें अशा शाईला दाद देत नाहीं, म्हणून सोनें आलें. पुढें न गंजणारें पोलाद निघालें, शाया सौम्य झाल्या, आणि कारण संपलें. सोनें मात्र राहिलें. शिवाय कागदावर जें घासतें तें सोनें नव्हेच. सोनें मऊ, तें झिजून जाईल. म्हणून टोकाशीं कठीण मिश्रधातूचा एक सूक्ष्म मणी जोडलेला असतो, आणि तसाच मणी चांगल्या पोलादी निबेलाही असतो. सोन्याची निब हाताखालीं किंचित् लवते, त्यांत एक सुख आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या निबेंतलें सोनें एकदीड ग्रॅमहून क्वचितच अधिक, आणि तेंही चौदा किंवा अठरा कॅरटचें. लग्नसराईंत सराफाच्या पेढीवर घट आणि घडणावळ यांवरून तासभर हुज्जत घालणारे आमचे गृहस्थ पेनाच्या दुकानांत हा हिशेब कां विसरतात, तें आम्हांस कळत नाहीं.

उरलेले पैसे नांवाचे. हँबर्गच्या माँब्लाँ कंपनीचें 'माइस्टरश्टुक' हें नांव १९२४ सालापासून चालत आलें आहे, आणि या वर्गांत तें मेरुमणि समजलें जातें. त्याच्या निबेवर ४८१० हा आंकडा कोरलेला असतो. आल्प्समधल्या त्या नांवाच्या शिखराची ही मीटरांतली उंची. (प्रत्यक्ष शिखराची उंची बर्फाच्या थराप्रमाणें कमीअधिक भरते, निबेवरची ढळत नाहीं.) टोपणावरचा पांढरा तारा म्हणजे त्याच शिखरावरचें बर्फ. दांडी ज्या पदार्थाची, त्याला कंपनी 'मौल्यवान रेझिन' म्हणते. आमच्या साध्या बोलींत त्याला प्लॅस्टिक म्हणतात. पेन उत्तम लिहितें, यांत शंका नाहीं. पण कार्टिए ही जवाहिऱ्यांची पेढी ज्या उद्योगसमूहाची, त्याच समूहाची आज ही कंपनीही आहे, आणि किंमत ठरते ती जवाहिऱ्यांच्याच गणितानें. माँब्लाँ निदान आपली निब स्वतः घडविते. युरोपांतल्या दुसऱ्या कित्येक नामांकित पेनांच्या निबा जर्मनींतल्या बॉक आणि योवो या कारखान्यांतून येतात. तमिळनाडूंत एबोनाइटचीं पेनें हातानें कातणारे कारागीरही याच कारखान्यांच्या निबा मागणीप्रमाणें बसवून देतात, आणि तें पेन कांहीं हजारांत घरीं येतें. निब तीच, शाई तीच, लिहिणारा हातही तोच!

"असें पेन पिढ्यान् पिढ्या टिकतें," हा दुसरा मुद्दा. टिकतें, पण किंमतीमुळें नव्हे. १९४१ सालीं बाजारांत आलेलीं पार्कर ५१ पेनें अजून कोठें कोठें लिहितांना आढळतात. तींही स्वस्त नव्हतीं. अमेरिकेंत एकास साडेबारा डॉलर पडत. पण त्या पैशांत निब झांकून तिच्यावरची शाई ओली ठेवण्याची एक नवी युक्ति पदरांत पडे. तीं टिकलीं, कारण तीं रोज वापरलीं गेलीं, आणि बिघडलीं तर गल्लींतला पेनवाला तीं उघडून, धुऊन, जीभ नीट बसवून परत देई. आज तो पेनवाला बहुतेक गांवांतून उठला आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचें असेंच एक उंची पेन टेबलावरून पडून निब वांकली. दुरुस्तीचा जो अंदाज त्यांस मिळाला, तेवढ्यांत चांगलीं चार नवीं पेनें आलीं असतीं. तें पेन आतां कपाटांत आहे, आणि पिढ्यान् पिढ्या तेथेंच टिकेल.

एक अपवाद न्यायबुद्धीनें केलाच पाहिजे. जपानांत नामिकीसारख्या पेनांवर लाखेचे थरावर थर चढवून, त्यांवर सोन्याची पूड शिंपून चित्रें काढतात; त्या कलेला माकी-ए म्हणतात. एकेका पेनावर कारागीर महिनेच्या महिने खपतो. ज्याला तें घ्यावयाचें आहे त्यानें चित्र घेतों आहों असें समजून खुशाल घ्यावें.

नांवाच्या या व्यापाराची परमावधि पाहावयाची असेल, तर २००९ सालची गोष्ट आठवावी. त्या वर्षीं गांधीजयंतीच्या सुमारास माँब्लाँनें महात्मा गांधींच्या नांवानें एक पेन काढलें. दांडीयात्रेचे मैल २४१, म्हणून पेनेंही २४१. सोन्याच्या निबेवर काठी टेकीत चाललेल्या महात्माजींची आकृति. किंमत अकरा लाख रुपयांहून अधिक! चिमूटभर मिठासाठीं जो मनुष्य ते मैल पायीं चालला, त्याच्या पावलांचा हा असा भाव झाला. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि २०१० सालीं कंपनीला भारतांतली ती विक्री थांबवावी लागली. कायद्याचें कायदा पाहील. पण पेन या वस्तूविषयीं गांधीजींना काय हवें होतें, हें समजण्यास फार लांब जाण्याचें कारण नव्हतें. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनीं त्यांच्याच प्रेरणेनें स्वदेशी पेन घडविण्याचा ध्यास घेतला, आणि तें त्यांच्याकडे पोंचविलें. गांधीजींनीं तें वापरून पाहिलें, व बाजारांतल्या परदेशी पेनांच्या ऐवजीं हें चालण्याजोगें दिसतें, असें १९३५ सालीं रत्नम यांस पत्रानें कळविलें. स्तुति म्हणून हे शब्द कांहीं मोठे नाहींत. पण ते लिहून पाहिलेल्या माणसाचे आहेत. रत्नम यांचा कारखाना राजमहेंद्रीस अजून पेनें करतो.

आतां आम्हांस खरोखर जें सलतें तें सांगतों. आमचीं मुलें वर्गांत टिपणें घेत नाहींत. फळ्याचें छायाचित्र घेतात. परीक्षा मात्र अजून हातानेंच लिहावी लागते, आणि तिसऱ्या तासाला त्यांचीं अक्षरें कशीं कोसळतात, तें उत्तरपत्रिका तपासतांना आम्ही दरवर्षीं पाहतों. ज्या घरांत हातानें लिहिणें असें आटत चाललें आहे, त्याच घरांत हें लाखाचें पेन मखमलीच्या पेटींतून येतें. मुलगी परीक्षेला निघाली कीं आई म्हणते, "तें नको नेऊंस ग, हरवेल, दहा रुपयांचें बॉलपेन ने." मग तें पेन कशासाठीं? वाणसामानाची यादी त्यानें करावयाची नाहीं, मावशीला पत्र धाडावयाचें नाहीं, भाषांतराचा कच्चा खर्डा काढावयाचा नाहीं. वर्षांतून चार वेळां सही करावयाची, आणि तेवढ्यांत शाई वाळलेली आढळली म्हणजे तें झटकावयाचें. आमचे आजे बोरू छाटीत, टाक दौतींत बुडवीत. त्यांच्या त्या साधनांना मोल असें कांहीं नव्हतें, आणि म्हणूनच तीं मुलांच्या हातीं बिनधास्त पडत. महाग लेखणीनें लिहिण्याचा मान वाढतो, असें जे म्हणतात, त्यांनीं ती लेखणी मुलाच्या दप्तरांत टाकून दाखवावी.

ज्यांना खरोखर घ्यावयाचें आहे, त्यांनीं राजमहेंद्रीचें किंवा तमिळनाडूचें एबोनाइटचें पेन घ्यावें. एबोनाइट हातांत लवकर ऊब धरतें, आणि थंडीच्या दिवसांत तें बरें वाटतें. घेण्यापूर्वीं दुकानांत पानभर लिहून पाहावें. टोपणाच्या झळाळीवर जाऊं नये. बहुतेक पेनांत शाई ड्रॉपरनें भरावी लागते. भरतांना आट्यांना किंचित् सिलिकॉनचें ग्रीज लावावें, म्हणजे ती पाझरत नाहीं. शाई आपल्या दांडेकरांनीं १९३१ सालीं मुंबईंत सुरू केलेल्या कॅमलिनची चालेल. कंपनींत आतां जपानी कोकुयोचें वर्चस्व असलें, तरी निळा रंग पूर्वीचाच आहे. पहिल्या दिवशीं बोटें निळीं होतील. तीं साबणानें लगेच स्वच्छ होत नाहींत. दोन दिवस लागतात.