अभ्यासिकेची जागा: हक्क कुठला, सीएसआर कुठला?

पुनर्विकासासाठी वस्ती रिकामी होते तेव्हा प्रत्येक घराचा हिशेब होतो. सर्वेक्षण होतं, दरवाजावर नंबर पडतो, पात्र-अपात्रची यादी लागते, भाडं किंवा संक्रमण शिबिर ठरतं. पण त्याच गल्लीत विहाराला लागून असलेली अभ्यासिका, सकाळची बालवाडी, महिला मंडळाचा शिवणवर्ग यांचा हिशेब कोण करतं? संस्था म्हणजे कुटुंब नाही. तिच्याकडे रेशनकार्ड नसतं, मतदार यादीत नाव नसतं. लाइटबिल बहुतेक वेळा एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या नावावर असतं आणि तो कार्यकर्ता कधीच निघून गेलेला असतो.

आज हा प्रश्न मुंबईत जागोजागी उभा आहे. धारावीचा प्रकल्प अदानी समूहाचा ८० टक्के आणि राज्य सरकारचा २० टक्के वाटा असलेल्या कंपनीकडे आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून पुनर्विकास करत आहेत. ११ जुलै १९९७ ला ज्या वस्तीने गोळीबारात आपली दहा माणसं गमावली, ती ही वस्ती. अशा ठिकाणी संस्था उठते म्हणजे चार पत्रे उठतात एवढंच नसतं.

संस्था उठली की आपले कार्यकर्ते काय करतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. लेटरहेडवर निवेदन टाइप होतं, बाबासाहेबांची प्रतिमा आणि शाल घेऊन शिष्टमंडळ कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या कार्यालयात जातं. 'आपल्या कंपनीने सामाजिक बांधिलकी जपत आमच्या संस्थेस सहकार्य करावे, ही नम्र विनंती.' पोच मिळते, फोटो ग्रुपवर पडतो आणि विषय संपतो.

आमचं म्हणणं असं की या निवेदनात दोन वेगळी खाती एकत्र झालेली असतात. एक खातं हक्काचं, दुसरं मदतीचं. ती आधी वेगळी केली पाहिजेत.

हक्काचं खातं आधी बघू. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३ (१०) खालच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बालवाडी आणि समाजकल्याण सभागृह यांची तरतूद पुनर्वसनाच्या बांधकामातच आहे. धारावीसाठी तरतूद स्वतंत्र आहे, त्यामुळे तिथे मंजूर आराखड्यातली सामाजिक सुविधांची पानं काढून वाचावी लागतील. मुद्दा एवढाच, की ही जागा विकासकाने मनाचा मोठेपणा म्हणून द्यायची नसते. ती योजनेचा भाग म्हणून द्यायची असते.

आता सीएसआरचा कायदा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट नियमांत आहे: दुसऱ्या कुठल्याही कायद्याने कंपनीवर टाकलेली जबाबदारी पार पाडण्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं कामही धरता येत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जो विकासक वस्ती उठवतो आहे तोच 'तुमचं सभागृह आम्ही सीएसआरमधून बांधून देऊ' म्हणत असेल, तर त्याला विचारायला हवं की योजनेतलं सभागृह मग कुठे गेलं? त्या पाटीवर 'सौजन्य' हा शब्द आला की हक्काचा उपकार होतो. पुढे कुणी पात्रतेवरून भांडायला उभा राहिला, तर त्याला आपलेच लोक सांगतात, 'अरे, त्यांनी आपल्याला हॉल दिला ना!'

म्हणून विकासकाकडे हक्क मागायचा आणि मदत मागायला दुसऱ्या कंपन्यांकडे जायचं. कलम १३५ मध्येच म्हटलं आहे की कंपनीने आपलं काम जिथे चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं. वस्तीच्या आसपास बँका असतात, कारखाने असतात, काचेचे टॉवर असतात. त्या टॉवरात सफाई आणि पहारा करणारी माणसं बहुधा आपल्याच वस्तीतून जातात, हेही तिथे सांगायला संकोच नको.

मागायचं काय? इमारत नको, मधली वर्षं मागा. जुनी जागा पाडल्यापासून नवी हातात येईपर्यंत किती वर्षं जातील, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. संस्था मरते ती याच काळात. कुटुंबं भाड्याने चार दिशांना पांगतात, शिकवणारा पोरगा दुसरी नोकरी धरतो, पुस्तकं कुणाच्या तरी माळ्यावर कुजतात. नवं सभागृह मिळतं तेव्हा त्यात बसायला मंडळच उरलेलं नसतं. मग तिथे लग्नं लागतात. दहावीची मुलगी इमारत उभी राहायची वाट बघत थांबत नाही, तिची परीक्षा येत्या मार्चमध्येच असते.

तेव्हा मागणी अशी असावी: जवळपास एक भाड्याची खोली, दोन शिक्षकांचं मानधन, पुस्तकं, चार संगणक, रात्री दहापर्यंत वीज. महिन्याचा खर्च मांडायचा, मुलांची संख्या लिहायची. कंपन्यांना 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत खर्च करता येतो, तो आपल्या गरजेत चपखल बसतो. विहाराचं बांधकाम यात घुसडू नका. धार्मिक काम अनुसूची ७ मध्ये नाही. शिक्षण आहे, सार्वजनिक वाचनालय आहे, मागास घटकांवरची विषमता कमी करण्याचं काम आहे. विहार आपण आपल्या वर्गणीतून बांधत आलो आहोत, पुढेही बांधू.

व्यापाऱ्यांकडून घेण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात एकदा जाऊन यावं. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० एकीकडे, १,००० दुसरीकडे. दोन्हींचा व्याजाचा दर वेगवेगळा आणि त्यातून वर्षावासातल्या भिक्षूंना चीवराचा खर्च. हे सगळं आकड्यांसह भिंतीवर कोरलेलं आहे. ठेव किती, कुणाकडे आणि कशासाठी, हे येणारा-जाणारा वाचू शकत होता. आजच्या कंपनीला सीएसआरमधून अशी कायम ठेव देता येत नाही, पण हिशेब भिंतीवर लावायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

आणि इथेच आपली दुखरी नस आहे. जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब आपण फळ्यावर लिहितो, पण मंडळाचं ऑडिट पाच-पाच वर्षं होत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दिलेला नसतो. सीएसआरचं काम करायला नोंदणीकृत न्यासाकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक नसेल तर भली इच्छा असलेला अधिकारीही हात वर करतो, आणि त्याला जातीयवादी म्हणून आपण मोकळे होतो. कधीकधी तो तसा असतोही. पण फाइल अपुरी असेपर्यंत ते सिद्ध करता येत नाही.

ज्यांच्याकडे हे कागद नाहीत त्यांनी क्रमांक असलेल्या मोठ्या संस्थेबरोबर लेखी करार करून काम सुरू करावं. करारात आपल्या संस्थेचं नाव, जागा आणि मुलांची यादी असावी, नाहीतर वर्षभराने अहवालात फक्त मोठ्या संस्थेचं नाव दिसतं.

भांडवलदाराचा पैसा घेतला की तोंड बंद होतं, हा तरुणांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. तोंड बंद होताना आम्हीही पाहिलं आहे. त्यावर आमच्या तीन अटी आहेत. आंदोलनात भाग घेऊ नये असं कलम करारात आलं तर सही करायची नाही. मंडळाच्या कुणाही पदाधिकाऱ्याला त्या कंपनीचं कंत्राट घेता येणार नाही. आणि पात्रतेची प्रकरणं चालू असताना प्रकल्पाच्या विकासकाकडून एक पंखाही घ्यायचा नाही. इंदू मिलची जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे सरकारी असली तरी कंपनीचीच. तिथे ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत शिरले आणि वर्षभराने केंद्राने जमीन द्यायचं जाहीर केलं. ते हक्काचं खातं होतं, ते रस्त्यावरच सुटायचं होतं. अभ्यासिकेच्या खोलीचं भाडं मात्र कंपनीच्या टेबलावर सुटू शकतं.

कंपन्यांची पुढच्या वर्षाची सीएसआर योजना साधारणपणे आर्थिक वर्षाच्या तोंडावर ठरते. मार्च उलटल्यावर गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' हेच उत्तर मिळेल. कंपनीने आधी कुठे किती दिलं, हे तिच्या संकेतस्थळावर आणि वार्षिक अहवालात असतं. तिच्या परिसरातली कुठली वस्ती सुटली आहे, ते त्यातून काढा आणि निवेदनाच्या पहिल्या ओळीत लिहा. पण त्याही आधी न्यास नोंदणीचा उतारा काढा आणि त्यावरच्या विश्वस्तांपैकी आज हयात कोण आहेत ते बघा.